नाकारलेला दंड

ओटा पुसायचं पिवळं फडकं हातातून जमिनीवर पडलं, की अजून माझे कान तापतात. लग्न होऊन मी नुकतीच ॲमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पला आले होते आणि नवऱ्याच्या ऑफिसने सगळ्यांना ॲमस्टरडॅमला अमेरिकन फुटबॉलची मॅच दाखवायला नेलं होतं. ऊन होतं, पण वारा बोचरा, आणि मांडीवर मेयोनेजमधले गरम बटाट्याचे काप. पाहुण्या संघाने काहीतरी चूक केली, पंचाने पिवळं फडकं फेकलं, पण ॲमस्टरडॅमवाल्यांनी पाहुण्यांना होणारा दंड चक्क नको म्हटलं. "असं का?" मी विचारलं. "माफ केलं त्यांनी," नवरा ठामपणे म्हणाला. मला ते इतकं आवडलं, की शेजारी बसलेल्या त्याच्या साहेबाच्या बायकोला मी मोडक्या इंग्रजीत तसंच सांगितलं. ती हसली. "माफी कसली? दंड घेतला तर ती खेळी पुन्हा पहिल्यापासून खेळावी लागते. आत्ता मिळवलेली जागा हातची जाते." "मी हिला तेच सांगत होतो," नवरा पटकन म्हणाला, "हिला समजलं नाही." मी मान खाली घालून "हो" म्हटलं आणि गार झालेले बटाटे खात राहिले. परतताना ट्रेनमध्ये तो म्हणाला, "रागावली नाहीस ना? मन मोठं आहे तुझं." मन कसलं मोठं? परक्या देशात नुकताच मांडलेला संसार पुन्हा पहिल्यापासून मांडायची माझी हिंमत नव्हती. आजही फडकं उचलताना लाज वाटते, ती त्या "हो"ची.