अक्कांच्या डोळ्याचं माप

परवा ऑपरेशननंतर एक पेशंट सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा आपला जाड चष्मा माझ्या टेबलावरच विसरून गेला आणि मला नव्वद सालच्या सुमारास तसाच चष्मा लावून जळगावच्या दवाखान्यात आलेल्या चोपड्याकडच्या अक्का आठवल्या. मोतीबिंदू काढून आत भिंग बसवायचं, तर आधी डोळ्याची लांबी मोजावी लागे. बधिर करणारा थेंब टाकायचा आणि पेनासारखी सळी अलगद बुबुळाला टेकवायची. एवढ्या मोठ्या मायनस नंबरचा डोळा मुळातच लांबुळका, त्यात नजर जरा ढळली की माप चुकणार आणि चुकीचं भिंग जन्माचं डोळ्यात बसणार. "अक्का, सरळ बघा," मी म्हणायचो. "हाव भाऊ," म्हणत अक्का नेमक्या खाली बघायच्या, आणि यंत्रावर दर वेळी नवाच आकडा. मी यंत्राला शिव्या घातल्या, व्होल्टेजला घातल्या, शेवटी अक्कांवरच खेकसलो. तेव्हा पदर सावरत त्या कुजबुजल्या, "समोर जेठ बठेल शेतस ना!" माझ्या पाठीमागे बाकावर त्यांना घेऊन आलेले थोरले दीर, नाना, बसले होते. "अहो, चष्म्याशिवाय तुम्हाला हातभरावरचं दिसत नाही!" "माले नही दिखत, पन त्यासले ते दिखस ना!" आता नाना भावजयीशी थेट कसे बोलणार? ते मलाच म्हणाले, "डॉक्टर, तिले सांगा, माले बी मोतीबिंदू शे." तरीही नाना व्हरांड्यात गेल्यावरच आकडे जुळले. हल्ली यंत्र डोळ्याला न टेकताच क्षणात माप घेतं, पण "सरळ बघा" म्हणण्याआधी मी अजूनही एकदा मागे वळून बघतो.