रॅम्पवरच्या कुरडया

मागच्या शनिवारी आम्ही अकोल्याहून चिखलदऱ्याला गेलो. दादा, वहिनी, मी आणि माझी व्हीलचेअर. निघताना मी एकच अट घातली... या ट्रिपमध्ये मला कोणीही उचलायचं नाही!

आमच्याकडे लोक फार मायाळू. पायरी दिसली की चार जण धावतात आणि न विचारता खुर्चीसकट उचलतात. त्यांचं मन चांगलंच असतं हो... पण तेवढा वेळ मला आपण तुरीचं पोतं आहोत असं वाटतं. म्हणून तर मी फिरायला जाणंच सोडलं होतं.

या वेळी होमस्टेच्या काकूंना आधी फोन करून विचारलं. "रॅम्प हाये ना बाप्पा, या तुमी बिनधास्त!"

पोचलो. पायऱ्यांशेजारी रॅम्प होता... मस्त रुंद, छान उन्हात. आणि त्यावर वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिक अंथरून ओल्या कुरडया घातलेल्या! हसावं की रडावं, कळेना.

"जाऊ दे ना, एवढ्या एका वेळेस," दादा म्हणाला. शेजारच्या खोलीतले दोन पाहुणेही बाह्या सरसावून आले. काकूंची सकाळपासूनची मेहनत समोर दिसत होती, त्यामुळे मी 'बरं' म्हणणारच होते.

तेवढ्यात काकू गव्हाच्या चिकाने माखलेल्या हातांनीच बाहेर आल्या. "अवो थांबा! उचलाच्या त त्या कुरडया उचला, तिले काहून उचलता?"

मग तिघांनी प्लॅस्टिकची टोकं धरली. अर्ध्याअधिक कुरडया मोडल्या. "रॅम्पवर कोणी येतच नाही ताई, मले तिथंच वाळवण घालाची सवय लागली," काकू ओशाळून म्हणाल्या. मी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेले. दम लागला, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू...

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉइंट बघायला निघालो, तर रॅम्प झाडून लख्ख! कुरडया ताटांमध्ये, सुपांमध्ये... पायरी न् पायरी भरलेली.

"काकू, आता आम्ही उतरायचं कुठून?" दादाने विचारलं.

"काहून? रॅम्प हाये ना बाप्पा!"

मग काय... मी पुढे, आणि माझ्या मागे दादा, वहिनी, ते दोन पाहुणे, सगळे ओळीने. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझ्या वाटेने चालले होते.

पॉइंटवरून दरी पाहिली, सुंदरच होती. पण खरं सांगू काकू? माझं चिखलदरा तुमच्या रॅम्पवरच बघून झालं होतं.