अमा कुणाची

आपल्याला कुणाचा हेवा वाटत नाही, असं खीम शपथेवर सांगायची. तिच्या दारासमोरच्या गाळ्यात मी कपडे दुरुस्त करते, आम्ही एका शाळेत होतो तेव्हापासून तिला बघते आहे. शेजारणीच्या कुंडीला फूल आलं तरी हिला झोप लागायची नाही. पण खरा जळफळाट सुरू झाला तो सून आल्यावर.

तैपेईला लागून असलेल्या आमच्या चोंगहच्या गल्लीत अर्धी घरं ब्रह्मदेशातून आलेल्यांची. सून मो थू त्यांतलीच. तिची आई दॉ सेन कोपऱ्यावर चहा आणि माशाच्या रश्श्यातल्या शेवया विकते. मायलेकी बर्मीत बोलायच्या, बर्मीत भांडायच्या आणि बर्मीत खिदळायच्या. खिदळल्या की खीमला वाटायचं, आपल्यावरच हसतायत. मोठी नात यूहान दॉ सेनला लाडाने बर्मीतलं ‘फ्वाफ्वा’, म्हणजे आजी, म्हणायची. आणि खीमला? बालवाडीत शिकवलेलं मंदारिन चिनी ‘नायनाय’.

“नायनाय म्हणे! टीव्हीतली म्हातारी आहे का मी?” ती माझ्याकडे येऊन फणकारायची. “आपल्या तैवानीत आजीला अमा म्हणतात. माझ्याच घरात मला अमा म्हणणारं कुणी नाही, आणि ती शेवयावाली बसलीय फ्वाफ्वा होऊन!”

आमच्या लहानपणी शाळेत फक्त मंदारिन चालायचं; तैवानी शब्द तोंडातून निघाला की शिक्षा म्हणून गळ्यात पाटी अडकवायचे. खीम बोलकी, त्यामुळे पाटी बहुतेक तिच्याच गळ्यात. पुढे तिला मुलगा झाला, चीहोंग, तेव्हा तिने जिभेला गाठच मारली. त्याच्याशी मंदारिनच बोलली, तेही मोडकंतोडकं. माझ्याशी मात्र तैवानीत अशी सुटायची की ऐकत राहावं.

धाकटी नात अनअन झाली आणि खीमने कंबर कसली. ही पोर तरी हातची जाऊ द्यायची नाही. दुपारभर तिला मांडीवर घेऊन एकच जप, “अमा. म्हण, अमा.” दॉ सेन आली की हिचा आवाज चढायचा.

“विहीणबाई, पोर घाबरेल की हो,” दॉ सेन म्हणायची.

“तुमच्या शेवयांच्या वासाला घाबरत नाही, ती मला काय घाबरते!”

आणि एके दुपारी, दॉ सेनच्याच दुकानात, सगळी गल्ली चहा पीत बसलेली असताना अनअन हात पसरून ओरडली, “अमा!”

खीम उभीच राहिली. पोरीला उचलून तिने दुकानभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी लाल कासवं करायला घेतली. बाळाच्या आनंदाला आमच्यात तांदळाच्या पिठाची, कासवाच्या ठशाची ही लाल गोड वडी वाटतात. तिने घरोघर वाटली. दॉ सेनला दोन जास्त दिली, ती मुद्दाम. बर्मी घरांत सगळ्यांनी “अरे वा” म्हणून खाल्ली, पण एकमेकांकडे बघत खाल्ली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्याच संध्याकाळी यूहान शाळेतून आली. अनअन घरासमोर खीमच्या कडेवर होती, दॉ सेन चहा घेऊन तिथेच आलेली. “अमा! अमा!” करत ती अशी झेपावली की खीमच्या हातातून निसटायचीच. यूहानने तिला झेललं आणि म्हणाली, “आले गं, आले.”

मो थू दारातून हळूच म्हणाली, “आई, आमच्या बर्मीत मोठ्या बहिणीला अमा म्हणतात.”

“तुम्हाला माहीत होतं?” खीम दॉ सेनवर उसळली. “माहीत असून माझी कासवं खाल्लीत?”

“विहीणबाई, तुम्ही इतक्या खूश होतात. माझ्याच्याने सांगवेना.”

दया! खीमला शिवी चालली असती. ती तरातरा रस्ता ओलांडून माझ्या गाळ्यात आली. नेमका चीहोंग तिथे उभा होता, पँट आखूड करायला घेऊन. सगळा राग त्याच्यावर निघाला.

“तुझ्या बायकोची बोली सगळ्या घराला येते! सहा वर्षांची पोरगी फाडफाड बोलते! माझी बोली तुझ्या एका तरी मुलीला येते का?”

“मा, त्यांना कुठून येणार?” चीहोंग म्हणाला. “मलाच येत नाही. तू माझ्याशी कधी बोललीस?”

खीम माझ्या शिलाईयंत्राकडे बघत काहीतरी पुटपुटली, तैवानीत.

चीहोंगने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, काय म्हणाली ती?”

आईचं बोलणं पोराला समजावून सांगायची पाळी माझ्यावर. मी सांगितलं, “म्हणते, ती पाटी तुझ्या गळ्यात नको होती मला.”

चाळिशीचा बाप्या कानापर्यंत लाल झाला. मग तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, “अबू.”

आमच्या तैवानीत आईला अबू म्हणतात. पण त्याचा सूर खाली पडला, आणि सूर पडला की बू म्हणजे धुकं. मला हसू आवरेना. खीम हसली नाही. तिने त्याची बाही धरली.

“परत म्हण,” ती म्हणाली.

तो परत म्हणाला. परत धुकंच. “परत,” खीम म्हणाली. रस्त्यापलीकडे दॉ सेन हातातला चहा तसाच धरून बघत होती.

माझा मुलगा काओश्युंगला असतो. चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. मलाही तो मंदारिनमधलं ‘मा’च म्हणतो. मीसुद्धा त्याच शाळेतली. आजवर मला त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

“मावशी, पँट कधी मिळेल?” जाताना चीहोंगने विचारलं. पाच मिनिटांचं काम होतं.

“पुढच्या आठवड्यात ये,” मी म्हटलं, “तोवर ‘अबू’ नीट म्हणायला शीक.”