भाग पुरा होऊ दे

भासरे गेले तेव्हा रविवारचे साडेआठ वाजून गेले होते आणि अंगणात माणसं बसायला लागली होती. सकाळी आंघोळ करून ते खाटेवर टेकले, छातीत जड वाटते म्हणाले आणि आडवे झाले. मी कुडाच्या अलीकडच्या आमच्या घरून विरजण मागायला गेले होते. आतून बाईने हाक मारली, "लहाने, इकडं ये व. यायचे पाय पाहा, थंडे पडून राह्यले." मी पाय पाहिले. पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी रडायला तोंड उघडलं तर बाईने माझ्या तोंडावर हात दाबून धरला. "चूप," ती म्हणाली. "भाग पुरा होऊ दे." मग तिने त्यांचे डोळे मिटले, चादर गळ्यापर्यंत ओढली, स्वतःचं तोंड पदराने पुसलं आणि बाहेर जाऊन टीव्हीपुढे उदबत्ती लावली.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. भासरे म्हणजे तिचा नवरा, माझ्या मालकांचे थोरले भाऊ. नवरा आत मरून पडलेला असताना साऱ्या गावाला पाऊण तास टीव्ही दाखवणारी बाई चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत दुसरी झाली नसेल. लोक तिला वेडी म्हणाले. वेडी असती तर सोपं होतं, वेड्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. ती वेडी नव्हती, विचित्र होती, आणि हा विचित्रपणा टीव्ही येण्याच्या आधीपासूनचा होता. टीव्हीने फक्त त्याला बसायला जागा दिली.

भासरे नागभीडला रेल्वेत गँगमन होते. नोकरी सरली तेव्हा दोघं गावी परत आले. आमचं गाव चामोर्शीपासून आत, पुढे जंगल. परत येताना लोक पलंग आणतात, भांडी आणतात. बाईने टीव्ही आणला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हट्ट करायला घरात तीच एक होती. टीव्हीसाठी सागवानाचं दोन दारांचं कपाट केलं, त्याला कडी, कडीला कुलूप. वरून लाल मखमलीचं झालरवालं पांघरूण शिवलं. त्या दिवसांत भासऱ्यांच्या बनियनला इतकी भोकं होती की डोकं कोणत्या भोकातून घालायचं ते त्यांना शोधावं लागे. मी एकदा म्हटलं, "बाई, त्या टीव्हीले मखमल घालता, जरा त्यायच्याकडंही पाहा." तर म्हणाली, "त्यायले पाहाले कोण येते व?"

टीव्ही पाहायला मात्र सारं गाव यायचं. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागे, त्या वेळी गावात चूल पेटत नसे. जंगलाच्या कडेला दहा-वीस झोपड्यांचा टोला होता, तिथली माणसं दवात भिजत चालत यायची. बाईचे कायदे होते. फाटकाशी बादली आणि लोटा ठेवलेला असे. पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. टोल्यावरची माणसं लांबून येतात म्हणून ती पुढे, गावची मागे. खोकणारा कडुलिंबाखाली. ज्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास, तो खताच्या खड्ड्याजवळ, मग तो पोलीस पाटील का असेना. आणि पुढे काय होणार ते कोणी सांगायचं नाही. एकदा एका शहाण्याने सांगितलं. बाईने उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "तुले माहीत आहे नं? मंग तूच सांग. आम्ही तुलेच पाहतो." तो उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि घामाघूम झाला. लोकांनी त्याच्या बापाचा उद्धार केला, तेव्हा बाईने पुन्हा टीव्ही लावला. मध्येच चित्र जाऊन पडद्यावर अडथळ्याची पाटी आली की ती कोणाला उठू देत नसे. "तिकडं माणसं खपून राह्यली, आन तू लगेच बिडी ओढाले चालला. बस जरासा."

संध्याकाळच्या बातम्या तिला एक अक्षर कळत नसत. पण बातम्या सांगणारीने हात जोडले की ही चुलीपुढून उठून हात जोडायची. त्या बाईच्या तोंडावरून तिच्या घरचं सारं ओळखायची. एकच लुगडं आठवड्यात दोनदा दिसलं तर हळहळायची, "माहेरचं कोणी नाई वाटते बिचारीले." मालिकेपेक्षा तिचा जीव जाहिरातींवर जास्त होता. म्हणायची, "मालिकेत सारे नुसते रडतेत. जाहिरातीत माणसं चहा तं पेतेत."

आता भासऱ्यांचं सांगते. चित्र येणार लांबून, आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्यात जीव उरत नसे. म्हणून दोन बांबू एकाला एक बांधून त्याच्या शेंड्याला अँटेना लावला होता, आणि बांबूचा बुडखा घरामागे एका जुन्या दगडी उखळात उभा केला होता, फिरवता यावा म्हणून. वारा आला की तो आपोआप फिरे. त्यामुळे दर रविवारी भासरे घरामागे बांबू धरून उभे. अंगणातून लोक ओरडायचे, "भाऊ, मुंग्या! मुंग्या आल्या!" मग, "दोन-दोन दिसून राह्यले, भाऊ!" मग, "बस्स, बस्स, तिथीच!" तिथेच म्हटलं की ते तिथेच. पाऊण तास हलायचे नाहीत. त्या माणसाने स्वतःच्या घरचा टीव्ही रविवारी एकदाही पाहिला नाही. घरामागून त्यांना फक्त ऐकू यायचं.

दुपारी जेवताना बाई त्यांना तो भाग सांगायची. भाग पाऊण तासाचा, हिचं सांगणं दीड तासाचं. भातावर वरण घालायची आणि थांबायची, ते म्हणायचे, "मंग?" की पुढे. आणि जसं झालं तसं ती कधी सांगत नसे. मालिकेत एखाद्या बाईचा अपमान झाला तर हिच्या सांगण्यात ती बाई उठून समोरच्याच्या कानफटात मारायची. मेलेली माणसं तिला आवडत असली तर आठवडाभर जिवंत राहायची. न्हाव्याने एकदा भासऱ्यांना खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे दाढी करून घेतली आणि म्हणाले, "तुमच्या इथी तसा लागत असन. माह्या घरी अलग लागते."

तर त्या रविवारी. थंडीचे दिवस, धान कापून पुंजणे रचून झालेले, लोक मोकळे, अंगण भरलेलं. बाई टीव्ही लावून आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. मी उशाशी. दोन मिनिटं झाली नसतील, बाहेरून आवाज आला, "भाऊ, मुंग्या!" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "भाऊऽ! झोपले का जी?" लोक हसले. मग माझ्या मालकांचा आवाज, "दादा, जरासा डावीकडं घे नं." बाई उठली, मागच्या दाराने गेली. बाहेरून, "आलं, आलं! बस्स, तिथीच!" आणि कोणीतरी म्हणालं, "आज भाऊचा हात पहिल्याच झटक्याले बसला."

वारा होता. तिला बांबू सोडता आला नाही. पाऊण तास ती तिथे आणि मी आत. भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडं टाकून जायचं नाही, बोलायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. वीस वर्षांत मी त्यांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. मेलेल्या माणसापुढेही पदर माझ्या डोक्यावर होता. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीवर तीळ होता. मला तो त्या दिवशी कळला. बाहेर शंख वाजत होते, बाण सुटत होते, माझे मालक इतरांबरोबर वा वा म्हणत होते आणि त्यांचा भाऊ माझ्यापुढे थंड होत होता. दार चार पावलांवर होतं. मी गेले नाही. बाईने सांगितलं म्हणून गेले नाही, एवढंच सांगू शकते.

भाग संपला. लोक ढुंगणाची माती झटकत उठले. बाई घरामागून पुढे आली, टीव्ही बंद केला, पांघरूण घातलं, कपाटाची कडी लावली. मग म्हणाली, "जाऊ नका. तुमचे भाऊ सकाळीच सरले." पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. मग माझे मालक धावत आत आले. त्यांनी भावाच्या गालाला हात लावला आणि हात लगेच मागे घेतला.

"केव्हा?"

"भाग लागाच्या आधी," बाई म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

माझं तोंड उघडायच्या आधी बाई बोलली, "तिले का माहीत? ते आताच आली मागच्या दारानं."

मी खाली पाहिलं. मी बोलले नाही. मालकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ते आपल्या वहिनीशी एक शब्द बोलले नाहीत. पुढे चौदा वर्षं जगले, घरं एकमेकांना लागून, मध्ये एक कुड, पण एक शब्द नाही. काही सांगायचं असलं तर मला म्हणायचे, "त्यायले सांगजो." मरताना त्यांना ती भेटायला आली, तर भिंतीकडे तोंड केलं. तोंड कोणाकडून फिरवायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी तेव्हाही त्यांच्या तोंडात पाणी घालत होते.

तेरवीला गावातलं फारसं कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी बाईने अंगणात शिंदीच्या चटया टाकल्या, बादली भरून ठेवली. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी टोल्यावरचा एक म्हातारा गोंड दोन नातवंडांना घेऊन आला, पाय धुतले आणि पुढे बसला. म्हणाला, "आमच्यात माणूस गेला तं ढोल वाजवतेत, बाई. तुवा टीव्ही वाजवला. त्यात का झालं?" बाई तेव्हा रडली. नवरा मेल्यानंतर पहिल्यांदा. फाटकाशी, हातात लोटा घेऊन.

मग हळूहळू लोक आले. पाहायचं असलं की माणसाला राग धरून बसता येत नाही. पण बाई पुन्हा कधी टीव्हीपुढे बसली नाही. बांबूशी ती उभी राहू लागली. लोक "बाई, मुंग्या!" म्हणून ओरडायचे. दुपारी मी कुडाच्या आडून तिला भाग सांगायची, मालक शेतावर गेले की. मला काही तिच्यासारखं सांगता येत नाही.

"दोघं भांडले. एक मेला."

"इतकंच? पाऊण तासात?"

"इतकंच."

"मंग त्या दुसऱ्याची बायको काही बोलली नाई?"

"नाई."

"तू नीट पाहत नाईस, लहाने," म्हणायची, आणि मग जो भाग तिने पाहिला नव्हता तो ती मला सांगायची.

असं काऊन केलं, हे मी तिला बऱ्याच वर्षांनी विचारलं. आम्ही तांदूळ निवडत होतो. आधी म्हणाली, "चार कोसावरून माणसं आली होती, तसंच परत धाडू का?" मग म्हणाली, "एकदा सांगितलं का माणूस गावचा होते. आंघोळ घालतेत, बांधतेत, नेतेत. आपल्याले कोपऱ्यात बसवतेत. मी म्हटलं, पाऊण तास माह्या जवळ राहू दे. पाहिजे तं दहा मिनिटं कमी. आन पाहा, तो पाऊण तास मी बांबूले धरून उभी होती. हात असे भरून आले. मंग मले समजलं, हा माणूस दर रविवारी इथी असा उभा राहे. कधी म्हटला नाई, हात दुखते म्हणून."

तांदळात खडे पुष्कळ होते. आम्ही ते काढत राहिलो.

आता घरोघरी टीव्ही आहे, टीव्हीही कोणी पाहत नाही, जो तो मोबाईलमध्ये. म्हणून आता लोकांना त्या जुन्या दिवसांचा उमाळा येतो. यंदा गणपतीत मंडळाने बाईचा सत्कार ठेवला, गावात पहिला टीव्ही आणला म्हणून. शाल दिली, नारळ दिला. एक केस पिकलेला माणूस माईक घेऊन बोलला, काय ते दिवस होते, सारं गाव एक होतं, बाई पाय धुवायला लावायची, खताच्या खड्ड्याजवळ बसवायची. सारे हसले. माझी नात म्हणाली, "आजी, किती छान होतं नं तेव्हा!" त्या माणसाच्या घरून तेरवीला कोणी आलं नव्हतं. मला आठवते. त्याला आठवत नसेल, किंवा आठवत असेल. बाई शाल सांभाळत माझ्या कानाशी म्हणाली, "हा कोणाबद्दल बोलून राह्यला व?"

ती आता ऐंशीच्या वर आहे. डोळ्यांना कमी दिसते, कानांना बरं ऐकू येते. त्या दिवशी सत्काराहून परत येताना मी तिचा हात धरला होता. अर्ध्या रस्त्यात मी म्हटलं, "बाई, आता सांगून टाकू का लोकांले? मले माहीत होतं म्हणून? उगाच तुमी एकटीनं ऐकलं साऱ्यायचं."

ती थांबली. नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"कोणाले सांगशील?" म्हणाली. "ज्याले सांगाचं होतं, तो तं गेला."

ते खरं आहे. मालक जाऊन कित्येक वर्षं झाली. हळू चालत घरी आलो. त्या सकाळी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. भासरे गेले. आम्ही दोघी जगलो.