सिद्धम्माचं धाबं

"सिद्धे, ए सिद्धे! छातीवर काय पडलं बग गं."

सिद्धम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. "पाल असंल," ती तिथूनच म्हणाली.

"पाल गार असती, व्हय. पर ओली कुटं असती?"

ती पिठाच्या हातानंच उठली. खाटेवर निजलेल्या नवऱ्याच्या सदऱ्यावर मातकट डाग पसरला होता. तिनं वर बघितलं आणि दुसरा थेंब तिच्या कपाळावर, विभूतीच्या पट्ट्यांवर पडला. बाहेर भर दुपारी आभाळ काळं झालं होतं. पौषाचा महिना, गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली, आणि पाऊस!

"माज्या बापानं बी असला पाऊस बगितला नसंल," वीरभद्रप्पा म्हणाले.

"तुमच्या बापानं लई काय काय बगितलं न्हवतं," म्हणत तिनं खांदा लावून खाट कोपऱ्यात सरकवली. ठिबक्याखाली पितळी पातेलं ठेवलं. पातेलं वाजायला लागलं तशी दोघांची थट्टा संपली. छत गळतंय म्हणजे नुसतं झोपायचं अवघड होणार नव्हतं. यंदा गड्ड्याला वीरभद्रप्पांना वर धाब्यावर कसं न्यायचं, हा प्रश्न होता.

उत्तर कसब्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचीच घरं धाब्याची. लाकडी तुळया, त्यांवर कडुनिंबाचा पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पण रस्त्याला लागून असलेलं धाबं एकट्या सिद्धम्माचं. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज त्या रस्त्यानं जातात. घराच्या दुप्पट उंच काठ्या, साज चढवलेल्या. वीरभद्रप्पा तरुणपणी त्यांतली एक काठी पेलायचे. पांढरी बाराबंदी घालून निघाले की गल्ली म्हणायची, "निघाला बघा नंदी."

मग अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लाकूड झालं. तेव्हापासून गड्ड्याच्या पहिल्या दिवशी शेजारचे बाप्ये त्यांना खुर्चीसकट जिन्यानं धाब्यावर न्यायचे. काठी कठड्याला घासून जायची आणि ते डाव्या हाताचा तळवा तिला टेकवायचे. तेवढंच. पुढं वर्षभर तो हात ते मधूनच उघडून बघायचे.

सिद्धम्मा अक्कलकोटच्या पलीकडून कसब्यात आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. सासू कानडीतच धाब्याची काळजी शिकवायची. मृगाच्या आधी माती चढवायची, चोपायची, पावसात वर पाय ठेवायचा नाही. माती म्हातारीसारखी असते, चिरली तरी आपली आपण मिटते, पण तिला वाळू द्यावं लागतं. सिद्धम्मानं सासूचा शब्द कधी मोडला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात तेवढा मोडला.

त्यालाही कारण गड्डाच. दर साली धाब्यावर अख्खी गल्ली, वर मंद्रूपचे पाहुणे. माती पायांखाली भुगा व्हायची. तिचा मुलगा शिवयोगी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होता. तिथं नवी शेड बांधून सिमेंट उरलं. मालकानं ते घेऊन जायला सांगितलं. "आई, गिलावा करू की धाब्यावर. पत्रे टाकतो म्हणलं तर तू ऐकत न्हाईस."

"पत्र्यावर माणूस हुबा ऱ्हातो का रे?" ती म्हणाली होती. "तुजा अप्पा पत्र्यावर बसणार व्हय? पर ह्ये सिमेंट चांगलं. लोकं नाचली तरी काय होणार न्हाय." आणि तिनं स्वतः पाणी मारून मारून तो गिलावा पक्का करून घेतला होता. कडक भाकऱ्यांची पाटी घेऊन नवी पेठेत बसायची तेव्हा गिऱ्हाइकांनाही सांगायची, "आमचं धाबं आता सिमिटाचं हाय."

पाऊस दुसऱ्या दिवशी थांबला. धाबं गळायचं थांबेना. शिवयोगी वर जाऊन आला.

"आई, गिलाव्याला केसासारक्या भेगा हायत. पावसाळ्यापास्नं पाणी आत मुरतंय आन् वर झाकण बसलंय. माती वाळंना."

"तुळई?"

"मधली वाकलीय."

ती भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पहारीकडं बघत राहिली.

संध्याकाळी मंद्रूपहून निंगव्वा आली. वीरभद्रप्पांची धाकटी बहीण. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, हातात हुरड्याची कणसं. "पावसानं पार काळी पडली बग वैनी. दादाला गोड लागतो म्हून त्यातलीच निवडून आणली." पातेली बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "ह्ये काय? घरात काय गड्ड्याचा बाजार मांडलाय का भांड्यांचा?"

"वन्सं, यंदा धाब्यावर कुणी चढायचं न्हाय."

"आत्ता! मग मी काय तुजं त्वांड बगाया आले?"

"बगा की. वंगाळ हाय का?"

निंगव्वा हसली, पण मग खाटेकडं बघून तिचा आवाज खाली आला. "आन् दादा?"

"ते बी न्हाय."

वीरभद्रप्पा भिंतीकडं तोंड करून निजले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी सिद्धम्मा तोंड पुसायला गेली तर त्यांनी डाव्या हातानं फडकं धरून ठेवलं.

"एकट्याला न्या. दुसरं कोण नको."

"आवं, तुळई—"

"माजं वजन ते किती उरलंय? चार भाकऱ्यांची पाटी जड असंल तुजी."

"तुमाला वर न्यायला मानसं लागत्यात. त्येंचं वजन कुटं ठिवू?"

"सिद्धे, आता किती गड्डे बगणार मी?"

 ती उठली, चुलीपासचं लाटणं घेतलं आणि भिंतीलगतच्या तुळईवर ठोकलं. टणटण आवाज आला. मग मधल्या तुळईखाली स्टूल ओढलं, वर चढली आणि तिथं ठोकलं. बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज.

"ऐकलं?"

त्यांनी हातातलं फडकं सोडलं.

"म्यांच केलं ह्ये," ती स्टुलावरूनच म्हणाली. "तुमची खुर्ची नीट बसावी म्हून सिमिट घातलं. तुमच्या आईनं सांगितलेलं मला. मातीचं त्वांड बांधू नको म्हनून. म्या बांधलं." तिनं लाटण्यानं तुळईकडं दाखवलं. "आता त्याच धाब्यावर तुमाला... आन् खाली ही वन्सं, शिवयोगी... न्हाय. मला शिव्या द्या. वर न्हेणार न्हाय."

निंगव्वा दारात उभी होती. टोमणा मारायची तिची सवय, पण त्या वेळी तिनं नुसता पदर तोंडाला लावला.

वीरभद्रप्पा म्हणाले, "उतर खाली. पडशील." आणि मग, "दारात बसव मला. भाईर."

गड्ड्याच्या पहिल्या दिवशी सिद्धम्मा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. गल्लीतली माणसं यायची, तिला बघायची, परत फिरायची. "काय सिद्धम्मा, धाबं इकलंस काय?" शेजारचा कल्लप्पा म्हणाला. "व्हय," ती म्हणाली, "तू घेतोस?" तो हसत पुढं गेला. ती हसली नाही.

उंबऱ्याबाहेर खुर्चीत वीरभद्रप्पा. निंगव्वानं त्यांना धुतलेली बाराबंदी घातली होती, उजवी बाही रिकामी असल्यासारखी लोंबत होती. लांबून आवाज आला, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" गर्दी दाटली. गर्दीच्या पाठी, खांदे, टोप्या. खुर्चीतून काठ्या काही दिसेनात, त्यांची टोकं कुठंतरी वर आभाळात. निंगव्वा पुढच्या माणसांना ढकलू लागली, "सरका की वो, म्हातारं माणूस बसलंय."

"ऱ्हाऊ दे," वीरभद्रप्पा म्हणाले.

ते खाली बघत होते. गर्दीच्या पायांमधून काठी पेलणाऱ्यांचे अनवाणी पाय पुढं येत होते. एक टाच टेकायची, थांबायची, मग दुसरी. त्यांचा डावा पाय खुर्चीखाली तसाच हलू लागला. "टेकव," ते पुटपुटले. "आता तोल घे. आता सोड."

सिद्धम्मा जिन्यावरून उठून त्यांच्यामागं आली. "दिसतंय का काय?"

"काठीखाली असताना वर बगायचं नसतं," ते म्हणाले. "म्होरच्याची टाच बगायची. म्या एवडी वर्सं ह्येच बगितलं. इसरलो होतो."

डावा हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला होता. काठी रस्त्याच्या मधून गेली. हाताला लागली नाही. ती गेल्यावरही हात तसाच उघडा होता. सिद्धम्मानं तो हळूच मिटला आणि खुर्ची आत घेतली.

गड्डा सरला, पाहुणे गेले, आणि एका सकाळी मधल्या तुळईला खालून लाकडाचा धिरा देऊन सिद्धम्मा पहार घेऊन शिवयोगीबरोबर धाब्यावर चढली. वाकलेल्या तुळईपासून लांब, भिंतीच्या कडेनं बसत पहिला घाव घातला. सिमेंटचा टवका उडाला. खाली काळी, भिजलेली माती, कित्येक दिवस कोंडलेली. वास आला.

"सिद्धे!" खालून हाक आली. त्यांची खाट सोप्यात हलवली होती. "हितं धूळ यायली."

"मग त्वांड झाका!"

थोडा वेळ नुसते घाव. मग पुन्हा खालून, "वाळंल का गं माती?"

तिनं ओंजळभर माती उचलली, कठड्यावर उन्हात पसरली. हात साडीला पुसला.

"वाळंल," ती म्हणाली. "घाई करायची न्हाय तिला."