पुरावा परीक्षकांच्या पोटात

नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीत बाबा कामाला होते ती कंपनी बंद पडली तेव्हा हळहळायला अख्खी वस्ती आमच्या खोलीत येऊन गेली, पण अभिनंदन करायला आला तो जगात एकच माणूस. शेजारच्या गल्लीतले काका. "जय भीम, दादा! सुटलात! आता तुम्ही उद्योजक!" बाबा भिंतीकडे बघत बसले होते. घरात तेल मोजून नव्हे, आठवून वापरलं जात होतं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही मान वर करून सांगते. पण हे सेमिस्टर संपलं की कॉलेज सोडून मी पॅकिंगला लागायचं, असं तेव्हा ठरलं होतं.

काका एका केमिकल कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. जगात बेकार कुणीच नाही, फक्त आपण उद्योजक आहोत हे काही लोकांना अजून कळलेलं नाही, हा त्यांचा सिद्धांत. चहावाल्याला ते ‘फाउंडर’ म्हणायचे आणि चहा पातळ लागला की "प्रॉडक्ट सुधारा" म्हणून कप परत करायचे. रस्त्यावर पडलेला स्क्रू रडतं पोर उचलावं तसा उचलायचे. सलूनवाल्याची खुर्ची त्यांनी सायकलच्या चेनवर वर-खाली होणारी करून दिली. पहिलंच गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी छताच्या पत्र्याला जाऊन टेकलं आणि खाली येईना. लोक शिडी शोधत होते, काका खालून त्याला विचारत होते, "वरून काय सुधारणा सुचते?"

आईला त्यांनी पकडलं भाकरीवरून. कंपन्यांच्या गेटवर थांबणारे ट्रकवाले तिच्याकडून ज्वारीची भाकरी बांधून न्यायचे, पण न्हावा शेवा बंदराबाहेरच्या लाइनीत नंबर लागेपर्यंत तिचा पत्रा व्हायचा. डब्यात कोंडली की घाम येऊन लगदा. काकांनी भंगारातल्या थर्माकोलची पेटी केली, आत आईच्या जुन्या गोधडीचं अस्तर लावलं, आणि भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहिली. "भाऊजी, ही तर कालच्यापेक्षा बरी लागायली," आई म्हणाली. काकांनी लगेच तिचं नाव वाशीच्या एका स्पर्धेत घातलं. बक्षीस होतं खाण्याची गाडी लावायला हक्काची जागा. ती मिळाली तर माझं कॉलेज टिकणार होतं.

हॉल इतका थंड की ‘तळागाळातील नवकल्पना’ हा बॅनरसुद्धा कुडकुडत होता. सकाळी पेटी भरून सील केली. दुपारी परीक्षकांसमोर उघडायची होती. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि गरिबांच्या भुकेवर इतकं लांबलचक बोलले, की परीक्षकांना ती प्रत्यक्ष कळू लागली. जेवणाचा टेम्पो पत्ता चुकला होता. कुणीतरी म्हणालं, "त्या पेटीत काय आहे?" आई "नको, नको" म्हणेपर्यंत काकांनी सील फोडलंसुद्धा. भुकेलं माणूस समोर असताना प्रात्यक्षिक राखून ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. आमचा नंबर आला तेव्हा पेटी रिकामी.

"यात टेक्नॉलॉजी काय?" परीक्षकांनी विचारलं.

"गोधडी, साहेब."

"आणि पुरावा?"

काकांनी माइक जवळ ओढला. "पुरावा परीक्षकांच्या पोटात आहे."

बक्षीस जवळचं हॉटेल दाखवणाऱ्या एका ॲपला मिळालं. आम्हाला कुंडीतलं रोपटं. परत येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "तुमच्या हाताला दम नाही का, भाऊजी?" आणि काका रिकामी पेटी मांडीवर घेऊन गोधडीचं अस्तर नीट करत बसले.

दोन दिवसांनी एक परीक्षक बाई वस्तीत विचारत विचारत आल्या. त्यांचा पावण्यात कारखाना. मत आपण ॲपलाच दिलं होतं, हे त्यांनी सरळ सांगितलं, मग म्हणाल्या, "पण आमच्या कामगारांना तशी भाकरी द्याल का? शेडमध्ये जागा देते."

काका हल्ली उलव्याला लेकीकडे असतात, चौदाव्या मजल्यावर. मधूनमधून फोन येतो. "इथं कुणाचं काही अडतच नाही गं," म्हणतात, आणि बराच वेळ फोन ठेवत नाहीत.

मी बी.कॉम. झाले. आई पाच बायकांना घेऊन त्या कारखान्याचं कॅन्टीन चालवते. पाटीवर नाव तिचं आहे.