न घातलेला शर्ट

समोरच्या सुनीतानं आज परत नवऱ्याचा कंपनीचा निळा शर्ट धुऊन वाळत टाकलाय. कंपनीला कुलूप लागून चार महिने झाले.

"अगं, घातलाच नाही तर मळला कसा?"

"अन् उद्या बोलावणं आलं तर, मावशी?"

काम गेलं म्हणून कामगार विम्याच्या हापिसातनं तीन महिने थोडे पैसे आले, ते खोलीभाड्यातच गेले. आता पोरीची शाळा सोडवायचं चाललंय.

आमच्या ह्यांची मिल बंद पडली तवा तेवढे पैसेबी नव्हते. मी शकूला नववीतनं काढून विड्या वळायला बसवली. "बाबांना काम लागलं की परत जाईन ना, आई?" म्हणाली. मी हो म्हटलं. काम लागलं दीड वर्षानं, तोवर तिचा हात विडीवर बसला होता.

काम लागेपर्यंत सरकारनं अर्धा पगार तरी द्यावा, असं लई वाटतं.

सुनीताला म्हटलं, "पोरीला काढू नको. दुपारची ती माझ्याकडं जेवंल."

"अन् तुम्ही काय खाल, मावशी?" म्हणून हसली.

शकूचा फोन येतो. सगळं बोलतो आम्ही. शाळेचं तेवढं ती काढत नाही, मीबी नाही.